१० बाय १० च्या खोलीसाठी छोटा हीटर कुठला घ्यावा?

गारठलेली
मंडळी, एक घरगुती प्रश्न आहे. आई रत्नागिरीहून आलीय, संक्रांतीपर्यंत राहणार आहे आणि नाशिकचा गारठा तिला अजिबात सोसत नाहीये. तिच्या मते थंडी म्हणजे पहाटे पायावर चादर ओढायची, इथे रात्री फरशीवर पाय टेकवत नाही. सकाळी गुडघे असे आखडतात की चहा होईपर्यंत उठता येत नाही तिला. खोली १० बाय १०, वरचा मजला, उत्तरेला सरकती खिडकी आणि तिच्या फटीतून वारा येतोच. ऑनलाइन बघायला गेले तर डोकंच फिरलं, हॅलोजन काय, क्वार्ट्झ काय, ब्लोअर, सिरॅमिक, तेलाचा, आणि एक तो इटुकला जो सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्येच खोचायचा, ४०० वॉटचा, लिहिलंय की अख्खी खोली काही मिनिटांत उबदार. किंमतही हजाराच्या आत. मला खरं तर तोच आवडलाय कारण कॉट आणि कपाटाच्या मध्ये जेमतेम चालायची वाट आहे, मोठं काही ठेवायला जागाच नाही. कोणी वापरलाय का? बजेट ३ हजार, ताणून ४. घर भाड्याचं आहे हेही लक्षात घ्या.

निफाडचा_गडी
नाशिकच्या थंडीला थंडी म्हणताय होय, या एकदा आमच्याकडे. इथे पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो आम्ही, त्याही बागेसाठी, माणसांचं कोण बघतो :-)
हीटरमधलं कळत नाही, वाचतोय.

वायरिंगवाला
ताई, तो सॉकेटमध्ये खोचायचा हीटर घेऊ नका. दोन कारणं.
पहिलं, ४०० वॉट म्हणजे ४०० वॉट. आपल्याकडे पूर्वी पिवळे १०० चे बल्ब असायचे, तसे चार लावले तर जेवढी ऊब येईल तेवढीच या डबीतून येणार, जाहिरातीत काहीही लिहू देत. टेबलाखाली पायाशी ठेवायला ठीक आहे, खोलीला नाही.
दुसरं, त्याचं सगळं वजन प्लगच्या पिनांवर लटकतं. आपले सॉकेट जुने झाले की आतली पकड सैल होते, सैल जागी ठिणगी, ठिणगीने ती जागा तापते, मग प्लॅस्टिक पिवळं, मग काळं. वर हीटरची स्वतःची गरमी त्याच बोर्डाशी. सीझनला असे जळके बोर्ड बदलायला जातो मी.
हीटर कुठला ते नंतर, आधी सांगा खोलीत पॉवर पॉइंट आहे का? म्हणजे जाड पिनेचा, १६ अँपिअरचा. की नुसते लाइटचे ६ अँपिअरवाले?

गारठलेली
बारीक पिनेचे दोन आहेत कॉटजवळ. जाड पिनेचा एकच, एसीसाठी ठेवलेला, पण तो वर छताजवळ आहे. एसी नाहीये.
कन्व्हर्जन प्लग मिळतो ना पण, जाड पिन बारीकमध्ये बसवायचा? इस्त्रीला वापरतो आम्ही.

वायरिंगवाला
तो प्लग हीटरला लावला तर मी धाग्यावरून निघून जाईन :-D
हिशेब सोपा आहे. ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण १३८० वॉट, लाइटच्या पॉइंटची ही हद्द. २००० वॉटचा हीटर पावणेनऊ अँपिअर ओढतो. इस्त्री तापली की बंद होते, परत चालू होते, आणि एकूण चालते किती, अर्धा तास. हीटर तासन् तास ओढत राहतो. त्यात लाइटच्या पॉइंटला मागे दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची वायर असते, जुन्या बिल्डिंगमध्ये एकचीही सापडते. पॉवर पॉइंटला अडीचची. प्लग बदलला म्हणून भिंतीतली वायर जाड होत नाही.
एसीच्या पॉइंटवरून खाली पट्टी मारून, केसिंगमधून, एक जाड पिनेचा बोर्ड काढून घ्या. वायर बदलायची नाही, भिंत फोडायची नाही, घरमालकही काही म्हणणार नाही. अर्थिंग आहे का तेही त्याच माणसाकडून तपासून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र नको, आणि ज्यात मोबाइलचा चार्जर, डास मारायचं मशीन सगळं एकत्र असतं तो तर नकोच.

शिकागोतला_बंड्या
वरच्याला +१. इकडे व्होल्टेज १२० असल्याने प्लगमध्ये लावायचे सगळेच हीटर १५०० वॉटपर्यंतचेच मिळतात, तरी साडेबारा अँपिअर ओढतात, आणि खोक्यावर पहिलं वाक्य हेच की एक्स्टेन्शनवर लावू नका. दुसरं वाक्य, पडदा, गादी, कपडे सगळं तीन फूट लांब. इथे बेसमेंटमध्ये छोटा सिरॅमिक वापरतो, बरा आहे, पण आमच्या घराच्या भिंतींत इन्सुलेशन भरलेलं असतं. तुमच्या विटांच्या भिंतीला तोच हीटर लावून तसाच अनुभव येणार नाही हे आधीच सांगतो.

गणिती_खवचट
बंड्याने बरोबर मुद्दा काढला, जरा आकडे टाकतो, आवडत नसतील तर पुढे जा.
१० बाय १० बाय १० ची खोली म्हणजे १००० घनफूट, २८ घनमीटर. त्यातली हवा ३४ किलोच्या आसपास. एवढी हवा १० अंशांनी तापवायला ०.१ युनिटसुद्धा लागत नाही, म्हणजे १००० वॉटच्या हीटरला सहा मिनिटं. ऐकायला भारी वाटतं ना? 'मिनिटांत उबदार' हे याच जोरावर लिहितात. पण खोलीत हवा सोडून भिंती आहेत, स्लॅब आहे, फरशी आहे, ते सगळं टनावारी वजन रात्रभर गार झालेलं असतं आणि तापलेली हवा त्याला लागली की ऊब गिळून टाकतं. शिवाय फटीतून गरम हवा बाहेर, गार आत. म्हणून हीटर बंद केला की दहा मिनिटांत परत तेच.
ढोबळ नियम आहे, एका चौरस फुटाला १० वॉट. तुमच्या १०० चौरस फुटांना १००० वॉट. वरच्या मजल्यावर आहात, फटी आहेत, तर १२००-१५०० धरा. २००० चं मशीन घेऊन आधी थोडा वेळ २००० वर आणि मग १००० वर चालवायचं, हे सगळ्यात व्यवहारी.
आणि हो, ४०० वॉटवाल्याचा निकाल यातच लागला.

दिल्लीत_सातारी
बरीच वर्षं दिल्लीत आहे त्यामुळे इथल्या कडाक्यावर बोलायचा अधिकार आहे असं समजतो. घरात तीन प्रकार वापरून झालेत.
रॉडचा म्हणजे क्वार्ट्झ, आणि हॅलोजन. हे हवा तापवत नाहीत, समोर जे असेल त्याला तापवतात, उन्हासारखं. समोर बसलं की लगेच मस्त वाटतं, पाठ मात्र गारच. सरकलात की संपलं. हॅलोजनचा उजेड रात्री झोपेच्या खोलीत डोळ्यावर येतो, माझी बायको म्हणते पोलीस स्टेशनात झोपल्यासारखं वाटतं.
ब्लोअर म्हणजे फॅनवाला, १०००-२००० चं बटण असलेला. इथे दर दुसऱ्या घरात ऑरपॅटचा तो छोटा ठोकळा दिसेल, बजाज, उषाचेही तसेच येतात, दीड-दोन हजारात बसतो. छोट्या खोलीला सर्वात पटकन हाच तापवतो. दोष एकच, आवाज. आणि नाक कोरडं पडतं.
तेलाचा, ओएफआर म्हणतात. रेडिएटरसारखे पाते असतात, ९, ११, १३ असे. तापायला वीस मिनिटं घेतो पण आवाज नाही, उजेड नाही, बंद केल्यावरही बराच वेळ कोमट राहतो. रात्रीला हाच. पण दहाएक किलोचं धूड आहे, चाकं असली तरी तुमच्या त्या वाटेत अडकणार, आणि तुमच्या बजेटच्या दुप्पट.
सांगायचं ते असं की महाराष्ट्रातल्या थंडीला ओएफआर म्हणजे जरा जास्तच होतंय. तुमच्याकडे दुपारी ऊन पडतं हो! आमच्याकडे धुक्यात चार-चार दिवस ते दिसत नाही.

वऱ्हाडी_ठसका
दिल्लीवाले भाऊ, आमच्या नागपूरले विसरले काय? २०१८ च्या डिसेंबरात ३.५ वर आला होता पारा. महाराष्ट्र म्हणजे फक्त पुणं-मुंबई नोय.

दिल्लीत_सातारी
माफी असावी _/\_ नागपूरला लागू नाही.

काटकसर_क्लब
पण ओएफआर वीज कमी खातो ना? दुकानदार तेच सांगतो, तेल गरम राहतं म्हणून बचत होते.

गणिती_खवचट
नाही. २००० वॉटचा ओएफआर, २००० चा ब्लोअर, २००० चा हॅलोजन, तासाला सगळे २ युनिटच खाणार आणि सगळे त्या दोन युनिटांची तेवढीच उष्णता देणार. तेल बंद केल्यावर ऊब देतं कारण सुरुवातीच्या वीस मिनिटांत त्याने ती स्वतःच्या पोटात भरून घेतली होती. उधारी आहे ती, बचत नाही. फरक पडतो तो थर्मोस्टॅटने, म्हणजे खोली तापली की मशीन आपोआप थांबतं का, आणि तो ब्लोअरलाही असू शकतो.
खरी बचत एकाच गोष्टीत, हॉट अँड कोल्ड एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून उपसून आत आणतो, आपल्याकडच्या ८-१० अंशांच्या थंडीत १ युनिटला ३ युनिटांच्या आसपास ऊब मिळते. पण भाड्याच्या घरात आणि ४ हजारात तो विषय नाही, कोणाला नवीन एसी घ्यायचाच असेल तर डोक्यात ठेवा.

काटकसर_क्लब
अच्छा. मग बिलाचं मी सांगते कारण माझा तोच प्रांत :-) १००० वॉटवर रोज ३ तास धरले तर महिन्याला ९० युनिट. महावितरणचे टप्पे १०० पर्यंत, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. तुमचं आत्ता ९०-१०० येत असेल तर हीटरचे जवळजवळ सगळे युनिट दुसऱ्या टप्प्यात पडणार आणि तिथे दर एकदम वर जातो. लोकांना वाटतं टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटांना वरचा दर, तसं नसतं, फक्त वरच्या युनिटांना लागतो. तरी बिल बघून दचकायला होतंच.
म्हणून माझा सल्ला वेगळाच आहे, खोली तापवूच नका, माणूस तापवा. इलेक्ट्रिक ब्लँकेट, गादीवर अंथरायचं, एका माणसाचं ६०-७० वॉटपासून येतं, रात्रभर चालवलं तरी अर्धा-पाऊण युनिट. झोपायच्या अर्धा तास आधी चालू करायचं, अंथरुणात शिरताना बंद.

गारठलेली
हे डोक्यातच आलं नव्हतं! पण आई घाबरेल, वीज अंगाखाली म्हटल्यावर. आणि सकाळच्या आखडलेल्या गुडघ्यांना ते पुरेल का?

ओपीडीतून
मी डॉक्टर आहे, धागा आवडला म्हणून लिहिते.
आईंना शुगर आहे का? असेल तर पायाशी कुठलाही लाल तापणारा हीटर, गरम पाण्याची पिशवी, ब्लँकेट, सगळ्यालाच जपून. शुगर जुनी असली की पायाची संवेदना कमी होते, भाजतंय हे कळत नाही, आणि ती जखम लवकर भरत नाही. थंडीत असे पेशंट येतात आणि त्यांना वाटतं की साधं शेकलंय.
शुगर नसली तरी रॉडच्या हीटरसमोर रोज नडग्या शेकत बसणाऱ्यांच्या पायावर जाळीसारखे तपकिरी-लालसर डाग पडतात. एवढ्या गरमीने भाजत नाही, पण रोज तिथेच शेकलं की त्वचा खराब होते. अंतर ठेवा, जागा बदला.
खोलीचं म्हणाल तर डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे की थंडीत घरात १८ अंश तरी असावं, वयस्कर माणसं आणि लहान बाळं असतील तर त्याहून जरा जास्त. २५-२६ करायची गरज नाही. भिंतीला एक साधा थर्मामीटर लावा, आपल्याला काय वाटतं आणि खरं किती आहे यात फरक असतो.

गारठलेली
शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. बरं झालं सांगितलंत, मग हॅलोजन आणि रॉड कटाप.

आजोबा_ऑनलाइन
हीटरने खोलीतला ऑक्सिजन संपतो असे वाचले आहे. आमच्याकडे म्हणूनच हीटरजवळ पाण्याची वाटी ठेवतात. यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ओपीडीतून
आजोबा, विजेचा हीटर काही जाळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपत नाही. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, तेवढ्याच ओलाव्याची हवा मग कोरडी लागते, म्हणून घसा-नाक सुकतं. वाटीने फार फरक पडत नाही, ओला पडदा किंवा पंचा खोलीत लांब कुठेतरी वाळत घातला तर थोडा पडेल. नाकात खोबरेल तेलाचं बोट फिरवा, स्वस्त आणि मस्त.
पण तुमच्या प्रश्नातली भीती एका ठिकाणी शंभर टक्के खरी आहे. कोळशाची शेगडी, अंगीठी, घमेल्यात केलेली शेकोटी, हे बंद खोलीत कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. उत्तरेत दर थंडीत बातम्या येतात. आपल्याकडे बंद बाथरूममधला गॅस गीझरही त्याच जातीचा.

दिल्लीत_सातारी
खरंय. इथे सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत दर वर्षी जाऊन सांगावं लागतं. आता त्याला आम्ही जुना ब्लोअरच देऊन टाकला.

कोथरूडची_माई
अगं गारठलेली, मी एवढ्या लांब वाचलं आणि कोणीच खिडकीचं बोललं नाही! सरकत्या खिडकीच्या फटीला चिकटवायची ब्रशची किंवा स्पंजची पट्टी मिळते हार्डवेअरच्या दुकानात, शे-दोनशेचं काम. दाराखाली जुन्या साडीची लांब उशी शिवून सारायची. फरशीवर सतरंजी, तिच्यावर जुनी गोधडी. जाड पडदा संध्याकाळी ऊन जायच्या आत ओढायचा, दिवसा उघडा ठेवायचा. एवढं केलंस की हीटर निम्मा वेळ लागेल. आणि आईला पायमोजे आणि कानटोपी, लाजायचं नाही घरात.

गणिती_खवचट
माईंनी एका पोस्टमध्ये माझ्या सगळ्या आकड्यांवर पाणी फिरवलं. पूर्ण सहमत.

वायरिंगवाला
आता मशीनवर येऊ. तुमच्या केसमध्ये, छोटी खोली, शुगर, अरुंद वाट, बजेट, फॅनवालाच बसतो. त्यात दोन जाती. साध्यात आत नायक्रोमची कॉइल लाल होते आणि मागून फॅन. सिरॅमिकमध्ये पीटीसी नावाच्या चकत्या असतात, त्या तापल्या की त्यांचा रोध आपोआप वाढतो आणि करंट कमी होतो, म्हणजे जाळी कपड्याने झाकली गेली तर ते आपणहून मंदावतं. कॉइलवालं कटऑफच्या, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचच्या भरवशावर असतं. सिरॅमिक चार-सहाशे महाग, माझ्या मते द्यावेत.
घेताना बघा, आडवं पडलं की बंद होणारं बटण तळाला आहे का, दुकानात उचलून, तिरकं करून बघा. जास्त तापल्यावर बंद होतं का ते खोक्यावर लिहिलेलं असतं. ५०० ते १००० च्या दरम्यान एक कमी मोड. वायर बोटाच्या चिमटीत धरली तर दमदार लागली पाहिजे आणि दीड मीटर तरी लांब. आयएसआयचा शिक्का, आणि त्याच्या खाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर. तो नंबर बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू दोन्ही दिसतात, जुळलं नाही तर दुकानातच परत करा. ऑनलाइन घेताना फोटोत हा नंबर दिसत नसेल तर मी घेत नाही.
चालवायचं कसं तर झोपायच्या आधी अर्धा-पाऊण तास २००० वर, दार लावून, मग १००० वर आणून झोपताना बंद. पहाटे तुम्ही उठाल तेव्हा अर्धा तास परत, म्हणजे आईंना उठेपर्यंत गुडघे मोकळे. रात्रभर नाही. गीझर आणि हा एकदम चालू केलात तर एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडू शकेल, पडला तर तो त्याचं काम करतोय, मोठा एमसीबी बसवून घेऊ नका.

गारठलेली
ऑर्डर नाही केली, मेनरोडला दुकानातच जाऊन सिरॅमिक १०००/२००० वाला घेतला, आडवा करून बघितला तर दुकानदार म्हणाला मॅडम फोडू नका :-) वायरमनने एसीच्या पॉइंटवरून खाली बोर्ड काढून दिला. खिडकीची पट्टीही लावली. थर्मामीटरवर पहाटे १४ होतं, अर्ध्या तासात १९ झालं. आईचं म्हणणं, आवाज गिरणीसारखा आहे पण चालेल. सगळ्यांचे आभार, विशेषतः वायरिंगवाल्यांचे, नाहीतर मी ती डबीच मागवणार होते.

निफाडचा_गडी
धाग्यावर डोकावत होतो. मलाही घ्यावासा वाटायला लागलाय पण बाथरूमसाठी, पहाटे आंघोळीला जीव जातो. हाच आत ठेवला तर?

वायरिंगवाला
नाही. बाथरूममध्ये फरशीवर ठेवायचा कुठलाही हीटर नाही, पाण्याचा शिंतोडा आणि ओला हात, दोन्ही नको. भिंतीला उंच कायमचा बसवायचा, शिंतोडे झेलणारा वेगळा प्रकार मिळतो, स्विच बाहेर, आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, पाहिजेच. तो नसेल तर आधी तो बसवा. तोवर आंघोळीच्या आधी बादलीभर कढत पाणी बंद बाथरूममध्ये दहा मिनिटं नुसतं ठेवून बघा, मग त्यातच विसण घालून आंघोळ करा.

वऱ्हाडी_ठसका
आमच्याकडचा गेल्या वर्षीचा ब्लोअर काल काढला, लावल्या लावल्या जळका वास. मशीन गेलं का?

वायरिंगवाला
वर्षभराची धूळ आहे कॉइलवर. प्लग काढा, ब्लोअर पूर्ण गार असू द्या, मागच्या जाळीतून ब्रशने किंवा सायकलच्या पंपाने धूळ उडवा, मग गॅलरीत पंधरा मिनिटं चालवा. त्यानंतर वास गेला तर ठीक. प्लॅस्टिक जळल्यासारखा येत राहिला किंवा पिन हाताला चटका देत असेल तर चालवू नका, सॉकेट आणि पिन दोन्ही दाखवा.